पुण्यानं ऐकलेली गोष्ट : स्वामी दयानंद

महाशिवरात्र जवळ आली की पुष्कळ शाळांतून एक गोष्ट सांगितली जाते. काठेवाडातल्या मोरवी संस्थानातला एक चौदा वर्षांचा मुलगा. घर सुखवस्तू, वडील कडक शिवभक्त, संस्थानच्या वसुलीचं काम बघणारे. त्यांनी मुलाला शिवरात्रीचा उपास धरायला लावला आणि रात्री जागरणासाठी देवळात नेलं. मध्यरात्र उलटली तशी मोठी माणसं एकेक करून पेंगली. पुजारी पेंगले, वडीलही पेंगले. मुलगा मात्र डोळ्यांना पाणी लावून जागा राहिला. आणि त्यानं पाहिलं, की एक उंदीर बिळातून आला, पिंडीवर चढला, आणि वाहिलेल्या अक्षता खुशाल खाऊ लागला. मुलानं वडिलांना हलवून उठवलं आणि विचारलं, जो देव उंदराला हाकलू शकत नाही तो जगाचा सांभाळ कसा करणार?

शिक्षक मित्रांनो, ही गोष्ट तुम्ही वर्गात कितीदा तरी सांगितली असेल. पण ती आपल्यापर्यंत आली कशी, याचा कधी विचार केलात का? त्या रात्री देवळात जागं असं दुसरं कोणी नव्हतं. गोष्ट सांगितली ती त्या मुलानंच, छत्तीस-सदतीस वर्षांनंतर, आणि सांगितली आपल्या पुण्यात! तारीख होती ४ ऑगस्ट १८७५. तो मुलगा तेव्हा पन्नाशीचा, धिप्पाड बांध्याचा संन्यासी झाला होता. लोक त्याला स्वामी दयानंद सरस्वती म्हणत. स्वामी बोलले हिंदीत, ऐकणाऱ्यांनी त्याचा सारांश मराठीत लिहून घेतला आणि तो छापला गेला. पुढं त्याचंच हिंदी होऊन ‘उपदेश मंजरी’ या नावानं उत्तरेत घरोघर गेलं. स्वामींच्या बालपणाबद्दल जी थोडी खात्रीची माहिती आहे, तिचा मोठा वाटा त्या पुण्यातल्या रात्रीच्या कथनातला आहे.

तर आज मी तुम्हांला त्या पुण्याच्या मुक्कामाबद्दल सांगणार आहे, आणि मग त्याचे धागे कुठवर गेले तेही. ते लाहोरपर्यंत जातात आणि फिरून आपल्या कोल्हापूरला आणि उदगीरला येतात.

त्या मुलाचं नाव मूळशंकर. जन्म १८२४ चा, टंकारा गावचा. उंदराच्या प्रसंगानंतर तो वडिलांची परवानगी घेऊन घरी आला, आईकडून मिठाई घेऊन खाल्ली आणि झोपला. उपास मोडला म्हणून सकाळी वडील संतापले. एवढ्यावरच कोणी घर सोडत नाही. पण नंतर धाकटी बहीण पटकीनं काही तासांत गेली. घरातले सगळे रडत होते, हा भिंतीला टेकून कोरडा उभा होता. लोकांनी त्याला दगडाच्या काळजाचा म्हटलं. मग जिवापाड माया करणारे काका गेले, तेव्हा मात्र तो रडला. मरण चुकवायचं कसं, हा प्रश्न त्याच्या डोक्यात बसला. घरच्यांनी आपल्याकडच्या रीतीप्रमाणं त्यावर एकच औषध काढलं: लग्न! लग्नाची तयारी सुरू झाली आणि १८४६ साली एका संध्याकाळी मूळशंकर घरातून निघून गेला.

सिद्धपूरच्या जत्रेत वडिलांनी शिपाई घेऊन त्याला गाठलं. अंगावरची भगवी वस्त्रं फाडली, हातातला तुंबा फोडला, पहाऱ्यात ठेवलं. रात्री पहारेकऱ्याला डुलकी लागली तशी हा हातात तांब्या घेऊन निघाला. कोणी हटकलंच तर परसाकडे चाललो असं सांगता यावं म्हणून तांब्या! पुण्याच्या विद्वान मंडळींपुढं स्वामींनी हेही सांगितलं. आपलं चरित्र सजवून सांगण्याची त्यांना गरज वाटली नाही.

पुढची चौदा-पंधरा वर्षं भटकंतीची. नर्मदाकाठ, हिमालय, योगी, साधू, मठ. १८४८ मध्ये संन्यास घेतला. बऱ्याच ठिकाणी ढोंग दिसलं, थोड्या ठिकाणी खरी विद्या मिळाली. १८६० साली मथुरेला विरजानंद नावाचे अंध वैयाकरण भेटले. म्हातारा मोठा तापट, वेळप्रसंगी शिष्यावर काठी उगारणारा. त्यांचं म्हणणं असं की अलीकडच्या माणसांनी रचलेले ग्रंथ बाजूला सारा आणि मूळ ऋषींच्या ग्रंथांकडे चला. अडीच-तीन वर्षं दयानंदांनी त्यांच्यापाशी पाणिनी आणि महाभाष्य घोटलं. निरोप घेताना गुरूंनी दक्षिणा मागितली ती पैशाची नव्हे. वेदांचा प्रचार कर, असं वचन मागितलं.

वेदांचा प्रचार. आज हे शब्द आपल्याला सोवळे, जुनाट वाटतात. पण त्या काळी त्यांत काय स्फोटक होतं ते समजून घेतलं पाहिजे. वेद बायकांच्या आणि शूद्रांच्या कानांवर पडू नयेत अशी समजूत शेकडो वर्षं चालत आलेली. दयानंद म्हणू लागले की सूर्य, पाणी, वारा जसे सगळ्यांचे, तसा वेदही सगळ्यांचा. ब्राह्मणाचा, कुणब्याचा, बाईचा, अतिशूद्राचा. जात जन्मानं ठरत नाही, गुणकर्मानं ठरते. मूर्तिपूजा वेदांत नाही, श्राद्धाचं जेवण मेलेल्याला पोचत नाही, आठ-दहा वर्षांच्या पोरींची लग्नं लावणं हा धर्म नव्हे. आणि हे सांगणारा साहेबाच्या शाळेत शिकलेला नव्हता. इंग्रजीचं अक्षर न येणारा, संस्कृत अस्खलित बोलणारा संन्यासी हे सांगत होता! इंग्रजी शिकलेल्या सुधारकाला ‘बाटगा’ म्हणून उडवून लावता येत असे. ह्याला काय म्हणणार?

१६ नोव्हेंबर १८६९ ला काशीत, काशीनरेशांच्या समक्ष, मूर्तिपूजेवर वाद झाला. एका बाजूला एकटे दयानंद, दुसऱ्या बाजूला काशीचा सगळा पंडितवर्ग. त्यांत महाराष्ट्रीय पंडित बाळशास्त्री रानडेही होते. वाद गलक्यात संपला आणि दोन्ही पक्षांनी आपणच जिंकलो असं जाहीर केलं. सहा वर्षांनी पुण्यात दुसऱ्या एका रानड्यांनी याच संन्याशाचं स्वागत केलं. मला हा योगायोग गमतीचा वाटतो.

मधे एक महत्त्वाची गोष्ट घडली. १८७२ च्या अखेरीस स्वामी कलकत्त्याला गेले. तोवर ते फक्त संस्कृतात बोलत आणि लंगोटीवर राहत. ब्राह्मसमाजाचे केशवचंद्र सेन यांनी त्यांना सुचवलं, की लोकांशी बोलायचं तर लोकांच्या भाषेत बोला; आणि सभेत यायचं तर अंगभर कपडे घाला. दोन्ही सूचना स्वामींनी मानल्या. पन्नाशीला टेकलेला गुजराती माणूस हिंदीत बोलू लागला, लिहू लागला. १८७५ साली छापलेला ‘सत्यार्थ प्रकाश’ हिंदीतच आहे. विद्वानाची भाषा सोडून बाजाराची भाषा घेणं किती अवघड, हे ज्ञानोबा-तुकोबांच्या महाराष्ट्राला वेगळं सांगायला नको.

१८७४ च्या अखेरीस ते मुंबईत आले आणि १० एप्रिल १८७५ ला गिरगावात आर्यसमाजाची स्थापना झाली. लोकहितवादी गोपाळ हरी देशमुख पुढं या मुंबईच्या समाजाचे अध्यक्ष झाले. पुण्याचं बोलावणं आलं ते महादेव गोविंद रानडे आणि त्यांच्या मित्रमंडळींकडून.

त्या साली आपल्याकडे काय चाललं होतं ते जरा आठवा. १२ मे १८७५ ला पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावी बाजाराच्या दिवशी शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या आणि खतं जाळली, आणि दंगा पुणे आणि नगर जिल्ह्यांत पसरला. सार्वजनिक सभेला पाच वर्षं झाली होती. जोतिराव फुल्यांच्या सत्यशोधक समाजाला दोन वर्षं पुरी व्हायची होती. म्हणजे पुणं काही निजलेलं गाव नव्हतं. खेड्यात कर्जाची आग, शहरात विचारांची. अशा वेळी स्वामी आले आणि ४ जुलैला बुधवार पेठेत भिड्यांच्या वाड्यात त्यांचं पहिलं व्याख्यान झालं. ४ ऑगस्टपर्यंतच्या पंधरा व्याख्यानांचे सारांश छापलेले आहेत. ईश्वर, वेद, पुनर्जन्म, यज्ञ, इतिहास. आणि शेवटचं, स्वतःचं चरित्र.

ते चरित्र सांगायची वेळ का आली, ते फार बोलकं आहे. स्वामींनी आरंभीच सांगून टाकलं: मी ब्राह्मण आहे याला पुरावा काय, असं पुष्कळजण मला विचारतात, आपल्या भाऊबंदांची पत्रं आणून दाखवा म्हणतात. मंडळी, बघा हं! एक माणूस महिनाभर सांगतो आहे की जात जन्मावर ठरत नाही. आणि ऐकणारे मान डोलवून शेवटी विचारतात काय, तर महाराज, आपली जात कोणती? स्वामींनी ते मनावर घेतलं नाही. गुजरातेत माया फार, नातेवाइकांशी पत्रव्यवहार सुरू केला तर मागं लागलेलं लचांड पुन्हा गळ्यात पडेल, अशा अर्थाचं उत्तर दिलं आणि गोष्ट सांगायला सुरुवात केली. उंदराची गोष्ट आपल्याला मिळाली ती या जातीच्या चौकशीमुळं!

व्याख्यानं संपली. सप्टेंबरच्या आरंभी चाहत्यांनी स्वामींची मिरवणूक काढायचं ठरवलं. पालखीत वेदांच्या पोथ्या, हत्तीवर स्वामी. पुण्यातल्या सनातनी मंडळींना हे झोंबलं. तोवर लेखांतून, पत्रकांतून टीका चाललीच होती. आता त्यांनी एक गाढव शृंगारलं, त्याला ‘गर्दभानंदाचार्य’ असं नाव दिलं, आणि त्याची मिरवणूक काढली. दिवस पावसाचे, रस्त्यात चिखल. रानड्यांच्या मंडळींना दंग्याची कुणकुण लागली होती. मदत कोणाची मागायची? त्यांनी जोतिराव फुल्यांना सांगितलं. जोतिराव आपली माणसं घेऊन आले आणि मिरवणुकीबरोबर चालले.

इथं जरा थांबू या. जोतिरावांचं वेदांबद्दल मत काय होतं? ‘गुलामगिरी’ हे त्यांचं पुस्तक १८७३ मध्येच निघालं होतं. वेद हा बहुजनांना बांधून ठेवण्याचा भटशाहीचा दोर आहे, अशी त्यांची भूमिका. आणि मिरवणूक होती ती वेदांच्या पालखीची! स्वामींचा आणि जोतिरावांचा या बाबतीत मेळ बसणं शक्यच नव्हतं. तरीही ते आले. मला वाटतं, त्यांनी हिशेब सरळ केला. हा माणूस वेद शूद्रांना खुला आहे म्हणतो, आणि हे बोलू नये म्हणून त्याच्यावर चिखल फेकला जाणार आहे. चिखल काय असतो, हे ज्या घरानं मुलींची शाळा चालवताना सोसलं, त्या घराला ते निराळं सांगावं लागलं नाही.

चिखल उडालाच. दगडही आले. पोलिसांना मधे पडावं लागलं. रानडे तेव्हा तेहतीस वर्षांचे, सरकारी नोकरीत, पुण्याचे न्यायाधीश. त्यांनी बाजूला सरायचं मनात आणलं असतं तर कोणी नावं ठेवली नसती. पण ते चालत राहिले. रमाबाईंनी आपल्या आठवणींत ही हकीकत दिली आहे. कपडे चिखलानं भरले होते, आणि झाल्या प्रकारावर ते हसत होते. सगळ्यांबरोबर चाललो तर सगळ्यांबरोबर चिखल लागणारच, असा त्यांचा भाव होता. आपल्यापुरती तक्रार त्यांनी कोणाविरुद्ध केली नाही.

त्यानंतर स्वामी गेले, आणि खरं बोलायचं तर पुणं आपल्या वाटेनं गेलं. रानड्यांचा प्रार्थनासमाज भक्तीचा, अभंगांचा. त्यांना वेद निर्भ्रांत मानणं जमेना. फुल्यांचं तर विचारायलाच नको. स्वामींनी १८८३ मध्ये मृत्युपत्र करून परोपकारिणी सभा नेमली, तिच्या विश्वस्तांत रानडे आणि लोकहितवादी दोघांची नावं आहेत. स्नेह राहिला, पण आर्यसमाजाचं बी रुजलं ते इथं नव्हे, पंजाबात.

का? पंजाबातल्या शिकलेल्या हिंदू तरुणाची एक अडचण होती. एका बाजूला मिशनरी त्याला सांगत की तुझा धर्म म्हणजे दगडधोंड्यांची पूजा. दुसऱ्या बाजूला घरचे पुरोहित असं काहीच सांगत नसत की ज्यानं तोंड वर करून उत्तर देता यावं. आपल्याकडे संतांनी जी शिदोरी बांधून दिली होती तशी त्याच्यापाशी नव्हती. दयानंदांनी त्याला सांगितलं, ताठ उभा राहा. तुझा मूळ धर्म एका निराकार ईश्वराचा आहे, आणि बाकीचा कचरा झाडण्याचा तुला अधिकार आहे. २४ जून १८७७ ला लाहोरला समाज स्थापन झाला आणि मुंबईच्या अठ्ठावीस नियमांऐवजी सुटसुटीत दहा नियम झाले. बघता बघता गावोगाव शाखा निघाल्या. ३० ऑक्टोबर १८८३ ला, दिवाळीच्या दिवशी, स्वामी अजमेरला वारले. लाहोरच्या मंडळींनी पुतळा उभारायचा नाही असं ठरवलं. मूर्ती नको म्हणणाऱ्याचा पुतळा कसा करणार? त्यांनी शाळा काढली.

शिक्षकांनी हे नीट ऐकावं असं आहे. १ जून १८८६ ला लाहोरात दयानंद अँग्लो-वैदिक शाळा सुरू झाली. मुख्याध्यापक हंसराज, वय वर्षं बावीस, नुकतेच पदवीधर. त्यांनी सांगितलं, मी पगार घेणार नाही. मग खाणार काय? थोरला भाऊ मुलकराज पोस्टात नोकरीला, पगार ऐंशी रुपये. त्यानं अर्धा पगार धाकट्याला द्यायचं कबूल केलं. चाळीस रुपयांवर हंसराजांनी पंचवीस वर्षं शाळा आणि कॉलेज चालवलं. सरकारी मदत घ्यायची नाही असं धोरण होतं. पैसा आला लोकांकडून, आणि कसा आला म्हणता? घरोघर एक मडकं ठेवलं. बाई रोज कणीक मळायच्या आधी मूठभर पीठ त्यात टाकी. आठवड्यानं ते पीठ गोळा करून विकत आणि पैसे शाळेला. ‘आटा फंड’ म्हणत त्याला. रद्दी कागदाचाही असाच फंड होता. सातारा जिल्ह्यात कर्मवीर भाऊराव पाटलांच्या वसतिगृहांसाठी गावोगाव धान्य गोळा होत असे, ते ज्यांनी पाहिलं किंवा वडीलधाऱ्यांकडून ऐकलं असेल त्यांना ह्या मडक्याची किंमत कळेल. त्या घरातली बाई स्वतः बहुधा निरक्षर. पण तिच्या मुठीतल्या पिठावर शाळा उभी राहिली, म्हणून ती शाळा तिची झाली.

मुलींसाठी जालंदरला कन्या महाविद्यालय निघालं. १९०२ मध्ये हरिद्वारजवळ कांगडीला मुन्शीराम यांनी, म्हणजे पुढच्या स्वामी श्रद्धानंदांनी, गुरुकुल काढलं. तिथं सायन्ससुद्धा हिंदीतून शिकवत. इंग्रजी शिकवावं की नको, मांस खावं की नको, यावरून समाजात १८९३ मध्ये फूट पडली होती. लाहोरच्या कॉलेजचा एक पक्ष, गुरुकुलवाल्यांचा दुसरा. भांडले पुष्कळ, पण भांडून दोघांनीही शाळाच काढल्या.

आता राष्ट्रजागृतीकडे येऊ. ‘सत्यार्थ प्रकाशा’च्या आठव्या समुल्लासात एक विचार आहे. परकी राज्य आईबापांसारखं मायाळू असलं, न्यायी असलं, तरी त्यानं पूर्ण सुख मिळत नाही. आपलं राज्य ते आपलं. राष्ट्रसभा अजून जन्मायची होती, शिकलेले लोक इंग्रजी राज्याला ईश्वरी प्रसाद म्हणत होते, तेव्हाचा हा विचार आहे. दादाभाईंनी कलकत्त्याच्या राष्ट्रसभेत स्वराज्याचा उच्चार केला तो १९०६ मध्ये. स्वामींनी राजकीय चळवळ केली नाही, अर्जविनंत्यांच्या पलीकडे ते गेले नाहीत. पण ज्यांनी तो ग्रंथ लहानपणी वाचला, त्यांची नावं पाहा. लाला लजपतराय. लंडनला इंडिया हाऊस काढणारे श्यामजी कृष्ण वर्मा, हे तर स्वामींचे थेट शिष्य. काकोरीच्या खटल्यात फाशी गेलेले रामप्रसाद बिस्मिल. भगतसिंगांचे आजोबा अर्जुनसिंग कट्टर आर्यसमाजी, आणि नातू काही वर्षं लाहोरच्या त्याच दयानंद शाळेत शिकलेला.

शेतकरी बंधूंनो, १९०७ सालची एक हकीकत तुमच्यासाठी. पंजाबात सरकारनं कालव्याच्या पाण्याचे दर वाढवले आणि वसाहतीतल्या जमिनींच्या वारसाहक्कावर गदा आणणारा कायदा आणला. शेतकरी खवळले. भगतसिंगांचे काका अजितसिंग यांनी सभा घेतल्या, लजपतराय बोलले. सरकारनं दोघांनाही खटल्याशिवाय उचलून मंडालेला नेलं. आर्यसमाज म्हणजे बंडाची शाळा, असं तेव्हा पुष्कळ साहेबांनी ठरवून टाकलं आणि समाजाच्या माणसांवर पाळत बसवली. तो कायदा मात्र खुद्द व्हाइसरॉयनं नामंजूर केला. शेतकऱ्यांची सरशी झाली. ३० ऑक्टोबर १९२८ ला लाहोरात सायमन कमिशनविरुद्धच्या मिरवणुकीत लालाजींवर लाठ्या पडल्या आणि १७ नोव्हेंबरला ते गेले. ३० ऑक्टोबर हा दयानंदांच्याही मृत्यूचा दिवस.

एवढं चांगलं सांगितलं, तर उणंही सांगितलं पाहिजे. नाहीतर ते व्याख्यान न होता आरती होईल. स्वामींची जीभ कडक होती. ‘सत्यार्थ प्रकाशा’च्या शेवटच्या प्रकरणांत त्यांनी इतर धर्मांची जी झाडाझडती घेतली, तिनं मनं दुखावली. त्यांचे अनुयायी त्याहून कडक बोलू लागले, समोरूनही तशीच उत्तरं आली, आणि पंजाबात या वादांतून वैर वाढलं. हेच स्वामी श्रद्धानंद एप्रिल १९१९ मध्ये दिल्लीच्या जामा मशिदीत हिंदू-मुसलमानांच्या सभेपुढं बोलले, आणि १९२६ मध्ये त्यांचा एका मुसलमान तरुणाच्या हातून खून झाला. या सात वर्षांत काय काय बिघडलं ते यावरून समजावं. विधवांच्या बाबतीतही स्वामी पुरते मोकळे नव्हते. पुनर्विवाहाला त्यांनी अटी घातल्या. त्या अटी त्यांच्या अनुयायांनी बाजूला सारल्या आणि विधवांची लग्नं लावली, हे अनुयायांचं श्रेय.

आणि जात? गुणकर्मानं वर्ण ठरतो, हे बोलायला सोपं. पण गुणकर्म ठरवणार कोण? लाहोरात १९२२ मध्ये जातपात तोडक मंडळ निघालं, बहुतेक सभासद आर्यसमाजी. १९३६ च्या परिषदेसाठी त्यांनी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना अध्यक्ष म्हणून बोलावलं. बाबासाहेबांनी भाषण लिहून छापायला दिलं. त्यात त्यांनी स्पष्ट मांडलं होतं की जात मोडायची तर तिला आधार देणाऱ्या शास्त्रांचं पावित्र्यही मोडावं लागेल. मंडळाला घाम फुटला. वेदांचा उल्लेख तेवढा गाळा, अशी विनंती आली. बाबासाहेबांनी कळवलं, एक स्वल्पविरामही बदलणार नाही. परिषद रद्द झाली, आणि भाषण त्यांनी स्वतः पुस्तकरूपानं छापलं. १८७५ मध्ये फुले आणि दयानंद एका रस्त्यानं चालले, तेव्हा त्यांच्यातला जो वाद चिखलाखाली झाकला गेला होता, तो एकसष्ट वर्षांनी असा उघडा पडला.

पण वेदाचा अधिकार मागणारा प्रत्येकजण याच मुक्कामाला पोचला असं नाही. कोल्हापूरचं उदाहरण घ्या. राजर्षी शाहू महाराज पंचगंगेवर कार्तिकस्नानाला गेले असता भटजी वेदोक्त मंत्रांऐवजी पुराणोक्त मंत्र म्हणत असल्याचं त्यांच्या ध्यानात आणून दिलं गेलं. छत्रपतींच्या गादीवर बसलेला माणूस, पण पुरोहिताच्या लेखी शूद्र! १८९९ पासून पेटलेलं हे वेदोक्त प्रकरण वर्षानुवर्षं धुमसलं. दयानंदांचा सिद्धांत महाराजांना जवळचा वाटला यात नवल नाही. कोल्हापुरात आर्यसमाज निघाला, आणि १९१९ मध्ये महाराजांनी राजाराम कॉलेज आणि हायस्कूलचा कारभार आर्यसमाजाकडे सोपवला. पुढं गुरुकुलातून आलेले डॉ. बाळकृष्ण तिथं प्राचार्य झाले; शिवचरित्राचे अभ्यासक म्हणून त्यांचं नाव झालं. त्याच वेळी महाराज सत्यशोधकांनाही हात देत होते. कोणाचं औषध लागू पडेल सांगता येत नाही, म्हणून दोन्ही वैद्य ठेवले म्हणा ना.

मराठवाड्यातल्या वाचकांना आर्यसमाज हे नाव घरचंच वाटेल. निजामाच्या राज्यात उर्दूशिवाय पान हलत नसे. खाजगी शाळा काढायला परवानगी, देवळाची डागडुजी करायला परवानगी, सभा घ्यायची तर ‘गश्ती निशाण ५३’ आडवं येई. उघड राजकारण करणं शक्य नव्हतं. मग माणसं जमायची कुठं? आर्यसमाजात, आखाड्यात, ग्रंथालयात. परभणीकडून हैदराबादेत गेलेले न्यायमूर्ती केशवराव कोरटकर समाजाचे पुढारी. त्यांनी मुलाला, विनायकरावांना, कांगडीच्या गुरुकुलात शिकायला पाठवलं. हैदराबादेतली मराठी शिक्षणाची चळवळ ज्यांनी उभी केली त्यांत केशवराव एक.

१९३८ च्या ऑक्टोबरात स्टेट काँग्रेसनं सत्याग्रह सुरू केला. त्याच सुमाराला आर्यसमाजानंही धार्मिक हक्कांसाठी लढा मांडला. दोन्ही एकत्र चालल्यानं जबाबदार राज्यपद्धतीच्या मागणीला हिंदू-मुसलमान झगड्याचा रंग देणं निजाम सरकारला सोपं जाऊ लागलं. गांधीजींच्या सल्ल्यानं स्टेट काँग्रेसनं डिसेंबरात आपला सत्याग्रह तहकूब केला. यावरून तेव्हा पुष्कळ कार्यकर्ते हळहळले, आणि त्यांचं दुःख समजण्यासारखं आहे. पण मला गांधीजींचा सल्ला रास्त वाटतो. निजामाविरुद्धचं भांडण हे मुसलमान शेजाऱ्याविरुद्धचं भांडण नव्हतं, आणि ते तसं दिसू देणं हिताचं नव्हतं. आर्यसमाजाचा सत्याग्रह मात्र १९३९ च्या ऑगस्टपर्यंत चालला. देशभरातून जथे आले आणि हजारो माणसं तुरुंगात गेली. कित्येकजण तिथून परत आले नाहीत.

उदगीरचे श्यामलाल हे त्यांतले एक. बंधू बन्सीलाल यांच्याबरोबर त्यांनी खेड्यापाड्यांतून समाजाचं काम केलं. सरकारनं त्यांना पकडून बीदरच्या तुरुंगात ठेवलं आणि डिसेंबर १९३८ मध्ये तिथंच त्यांचा अंत झाला. १७ सप्टेंबर १९४८ ला हैदराबाद संस्थान मुक्त झालं. कोरटकरांचे गुरुकुलात शिकलेले चिरंजीव विनायकराव विद्यालंकार नव्या हैदराबाद राज्याचे मंत्री झाले. आणि उदगीरला श्यामलालांच्या नावानं शाळा उभी राहिली.